बोट सोडा, माणूस ठेवा

३ मार्च

गालमे बेटावरच्या चिखलात राबणाऱ्या बायांनो आणि बांधावर उभं राहून त्यांची वाट पाहणाऱ्या पुरुषांनो, हिवाळाभर आपल्या सगळ्यांना एकच मंत्र ऐकवला जातो आहे. फोन बंद करा आणि पुन्हा चालू करा. आपण मीठ पिकवलं, शिंपल्या वेचल्या, मुलं शिकवून शहरांना दिली. शहरानं परत काय दिलं, तर हे एक वाक्य.

उद्याच्या गावसभेतलं भाषण असं सुरू करायचं ठरवलं आहे. बायकोला वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती.

"मीठ तुम्ही कधी पिकवलंत?"

मी म्हणालो, मी 'आपण' असं म्हटलंय.

"मग त्या 'आपण'मधून तेवढं तुमचं नाव काढा. बाकी चांगलं झालंय."

शिक्षक संघटनेत होतो तेव्हा पोलिसांच्या गाडीच्या टपावर उभा राहून मी बोललो आहे. त्या पोलिसांनीही इतकं तोडून बोलायचं धाडस केलं नव्हतं.

४ मार्च

सभा झाली. टाळ्या मिळाल्या. पण टाळ्यांसाठी बोललो नाही, ओकबुन वहिनींसाठी बोललो.

गेल्या शरदात धुकं आलं आणि वहिनी चिखलात वाट चुकल्या. बांधाकडे येतोय असं समजून समुद्राकडे चालत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची चिखलावरून घसरत जायची फळी सापडली, मग त्या. प्रेतयात्रेहून परतताना मी सगळ्यांसमोर शब्द दिला की या चिखलात पुन्हा एकही बाई हरवणार नाही. त्या शब्दातूनच आमची योजना निघाली. प्रत्येक बाईच्या गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत फोन. गावाच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा, त्यावर प्रत्येक बाईचा एक ठिपका. गुडघे गेल्यामुळे मी चिखलात जात नाही, म्हणून पडद्यासमोर मी. धुकं उतरलं की कोण कुठे आहे ते मी सांगायचं, आणि गावप्रमुख बांग यांनी बांधाच्या त्या टोकाला जाऊन काशाची मोठी थाळ बडवायची. आवाजाच्या दिशेनं बाया परत येतील.

खालून तापवलेल्या फरशीवर मी नुसता बसून असतो, म्हणून बायको मला 'गरम फरशीवरचा बुद्ध' म्हणते.

योजनेत खोट एकच. ठिपके मध्येच गोठतात. तासभर एका जागी, मग एकदम उडी मारून दुसरीकडे. नेट जातं आणि येतं. फोन कंपनीला तीन पत्रं गेली. आता बांग सांगतात, दहा तारखेला कंपनीचा माणूस येतोय.

६ मार्च

तारेच्या फोनवरून कंपनीच्या मदतकेंद्राला विचारलं, तिथे एक बाई बोलतात. आवाज इतका गोड की भांडायला लाज वाटावी. त्यांनी विमानाचं चिन्ह दाबायला सांगितलं, मग सोडायला. काही नाही. सिमकार्ड काढून कोरड्या फडक्यानं पुसायला सांगितलं. ते एवढंसं कार्ड फरशीच्या फटीत गेलं. चिखलातून नुकत्याच परतलेल्या शेजारच्या माल-सूननं केसातली पिन घालून काढून दिलं, तोवर बराच वेळ गेला. कार्ड घातलं आणि नेट घोड्यासारखं धावायला लागलं.

म्हणजे मळ होता तर. समुद्राची हवा, मिठाचा थर. मी बांगना सांगितलं, त्यांनी लाउडस्पीकरवरून गावाला सांगितलं. दुपारभर घराघरांत लोक सिमकार्डं पुसत बसले. काहींनी दारूनं पुसली, आणि उरलेली वाया जाऊ दिली नाही.

८ मार्च

सकाळी पुन्हा मेलं. पुन्हा पुसलं. जिवंत झालं नाही. मदतकेंद्रातल्या बाईंनी आज नेटवर्कची सगळी मांडणी पुसून टाकायला लावली. ती पुसली, त्याबरोबर घरचा वायफायचा परवलीचा शब्दही गेला. तो मुलगी यूरिमनं दोन वर्षांपूर्वी घालून दिला होता आणि कुणालाच आठवत नाही. बायको चिखलातून आली, पाय धुतले, फोन हातात घेतला आणि सरळ मुलीशी चित्रासकट बोलत बसली.

"माझं तर चालतंय," ती म्हणाली. "तुम्ही त्याच्याशीपण भाषणात बोलता का?"

घरोघरी हेच चाललं आहे. घरी बसलेले म्हणतात बंद आहे, चिखलातून आलेल्या म्हणतात चालू आहे. माल-सूनचा नवरा कुक-जिन दादा पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला. त्याचा दिवस फोनवर कुस्त्या पाहण्यात जातो. तो बिचारा ओरडतो की दोन तास पडदा काळा होता. बायको येऊन फोन उघडून दाखवते की हे बघा, कुस्ती. त्याला गाव आता 'फोन न येणारा' म्हणतं. कंपनीनं घराघरांत अशी फूट पाडली आहे. फोडा आणि राज्य करा हे धोरण काही नवं नाही.

१० मार्च

कंपनीचा माणूस भरतीबरोबर आला. ओहोटीला आमच्या धक्क्यापाशी बोट टेकत नाही, चिखलच चिखल. नाव प्यो. चाळिशीचा, थकलेला, पायात शहरी बूट. त्यानं बेटावरचा मोबाइलचा खांब पाहिला, आपलं यंत्र लावलं, चार ठिकाणी उभा राहिला.

"मास्तर, इथलं नेट आमच्या कार्यालयापेक्षा बरं आहे."

मी त्याला बोललो. ओकबुन वहिनींचं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता, माणूस वाईट नाही. म्हणाला, तुमचे फोन जुने असतील, पिशवी जाड असेल. नियम असा की तीन फेऱ्यांत दोष सापडला नाही तर तक्रार कायमची बंद, आणि खांबावर करायचं सुधारणेचं काम यादीतून जातं.

माझं अजून अर्धं बोलणं उरलं होतं, पण बांग लाउडस्पीकरवर ओरडायला लागले की पाणी उतरतंय, पाहुण्यांनी घाई करावी. माल-सूननं वाळवलेल्या मासळीची पुडी त्याच्या हातात कोंबली. त्याची पेटी मी स्वतः धक्क्यापर्यंत नेली. शत्रू असला तरी पाहुण्याला चिखलात अडकू देत नाही आपण. हीच आपली संस्कृती, आणि ती त्यांना कळणार नाही.

१५ मार्च

उधाणाचे दिवस. पाणी खूप लांब जातं, बायाही लांब जातात. ठिपके तीनही दिवस गोठले. पातळ पिशव्या मागवल्या आहेत.

२४ मार्च

प्यो दुसऱ्यांदा आला. दुसऱ्यांदा सगळं ठीक. माझा फोन त्याच्या हातात दिला तर तो गुलामासारखा चालला. मला तो फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

मी म्हणालो, तुमच्या पायाचा आवाज ऐकून नेट सावध होतं का. तो हसला नाही. म्हणाला, "मला दिसेल तेच मी लिहिणार ना, मास्तर." पुन्हा पाणी उतरायची घोषणा झाली. बायकोनं त्याच्या खिशात उकडलेली दोन रताळी घातली, बोटीत खा म्हणाली. आता एकच फेरी उरली.

यूरिमचा फोन आला होता. म्हणे, बाबा, आईला चिखलात पाठवणं बंद करा. मी म्हणालो, तुझ्या आईला कुठे पाठवायची किंवा न पाठवायची ताकद कोणात आहे, ते नाव सांग, मी त्याला गुरू करतो.

२९ मार्च

अक्षर वाईट येतंय.

सकाळी बाया गेल्या तेव्हा आकाश स्वच्छ होतं. एक गुडघा फळीवर टेकून दुसऱ्या पायानं चिखल ढकलत त्या निघाल्या, बायको सगळ्यांच्या पुढे. ती नेहमी पुढेच असते. मी पडद्यासमोर बसलो, सातूचा चहा केला. सगळे ठिपके बांधाजवळच्या लाकडी खुंटाशी जमलेले. म्हटलं, बसल्यात गप्पा मारत. मी वाचत पडलो.

खिडकीबाहेर पाहिलं तर समुद्र नव्हता. बांध नव्हता. समोरचं माल-सूनचं घर नव्हतं. पण पडद्यावर बाया खुंटाशीच होत्या, हाकेच्या अंतरावर. मी खोलीतल्या तारेच्या फोनवरून बांगच्या घरी कळवलं की काळजी नको, सगळ्या जवळ आहेत.

तेवढ्यात तोच फोन वाजला. कुक-जिन दादा.

"मास्तर, माझं नेट मेलंय बघा."

मी वैतागलो होतो. तोंडातून निघून गेलं, "दादा, फोन बंद करा आणि पुन्हा चालू करा."

माझेच शब्द माझ्या कानावर पडले. मी पडद्याकडे पाहिलं. ठिपके चहा करण्याच्या आधीपासून खुंटाशी होते. एकही हललेला नव्हता. ज्या बाईला मी पंचेचाळीस वर्षं ओळखतो ती एका जागी गप्पा मारत बसेल, हे मी पडद्यावर विश्वास ठेवून मान्य केलं होतं.

गुडघ्यांचं काय झालं आठवत नाही. बांधावर पोचलो, बांगच्या हातातून थाळ ओढली आणि बडवायला लागलो. कुठल्या टोकाला बडवायचं ते माहीत नव्हतं, म्हणून बांधावरून चालत चालत बडवली. बांग दुसऱ्या टोकाला पत्र्याचा डबा बडवत होते. पाणी परतायला लागल्याचा आवाज येत होता, तो बारीक सळसळणारा आवाज. एकेक बाई धुक्यातून निघायला लागली, आधी फळीचं टोक, मग माणूस. मी मोजत होतो आणि दर वेळी माझी बायको नसायची. माल-सूनही नव्हती.

शेवटी दोघी आल्या. माल-सूनची फळी उलटी फिरली होती, ती समुद्राकडे निघाली होती. बायको तिच्या मागे गेली आणि पदर धरावा तसा तिचा रबरी कोट धरून ओढत आणला. पाणी त्यांच्या कमरेला होतं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ओठ निळे पडले होते.

"किती बडवताय," ती म्हणाली. "बहिरी झाले का मी?"

मी एकही भाषण न करता माझा कोट तिच्या अंगावर टाकला. गावानं हे पहिल्यांदाच पाहिलं असेल.

त्या घरी आल्या, पाणी बांधाला लागलं, आणि पडद्यावरचे सगळे ठिपके टुणकन उडी मारून आपापल्या घरात येऊन बसले.

३० मार्च

माल-सूनला ताप आहे, पण जीभ ठणठणीत आहे. तिला पाहायला आम्ही गेलो. बांगही आले. कुक-जिन दादा अंथरुणात, ती शेजारच्या अंथरुणात, आणि दोघांचं भांडण चालू. तो म्हणत होता काल सकाळभर नेट नव्हतं. ती म्हणत होती, मी आले तेव्हा तर होतं.

"असणारच," कुक-जिन दादा म्हणाला. "तू पाण्याबरोबर येतेस, तेही पाण्याबरोबर येतं. मला विचारून दोघांतलं कुणीच येत नाही."

बांग हसले. मीही हसलो. माझी बायको मात्र हसली नाही. ती चमच्यानं माल-सूनला पेज भरवत होती. चमचा हवेत तसाच राहिला.

"तो प्योसुद्धा पाण्याबरोबरच येतो," ती म्हणाली.

 मग बांग जमिनीकडे बघत म्हणाले, "आणि पाणी उतरायच्या आत आपण त्याला घालवतो."

दोन्ही वेळा. लाउडस्पीकरवरून ओरडून, मासळी आणि रताळी देऊन, पेटी उचलून. जो रोग फक्त ओहोटीला येतो, त्याचा वैद्य आम्ही भरतीलाच घरी पोचता केला, आणि वर त्याच्या खिशात खाऊ घातला. माझं सिमकार्डही मळानं बिघडलं नव्हतं. माल-सूनची पिन फटीत फिरत होती तेवढ्यात पाणी चढलं होतं, एवढंच. पिढ्यानपिढ्या भरती-ओहोटीवर जगलेलं हे गाव. लग्नं, प्रेतयात्रा, शाळेची वेळ सगळं पाणी बघून ठरवणारं. आणि फोनच्या बाबतीत घड्याळ बघत बसलं. फोन शहरातून आला म्हणून त्याला आपले नियम लागू नाहीत, असं आम्ही मानलं. ही गुलामी कंपनीनं लादलेली नाही. ती आम्ही हौसेनं घेतली.

मी हे सगळं तिथेच उभा राहून बोललो. कुक-जिन दादा म्हणाला, "मास्तर, बसून बोला, माझी मान दुखते."

७ एप्रिल

उद्या प्यो शेवटच्या फेरीला येतोय. पत्र लिहून ओहोटीला थांबा म्हणून कळवावं, असं बांग म्हणत होते. कळवलं होतं. उत्तर आलं की मुक्कामाची तरतूद नाही.

संध्याकाळी लाउडस्पीकर मी मागून घेतला. फार बोललो नाही. म्हणालो, उद्या पाहुण्याला कुणीही घाई करायची नाही. पाणी उतरतंय हा शब्द उद्या या बेटावर कुणाच्या तोंडून निघायचा नाही. आपल्याकडे आलेला माणूस न जेवता जात नाही, आणि जेवण किती वेळ चालावं याचा नियम कंपनीनं केलेला नाही.

८ एप्रिल

दुपारी आला. यंत्र लावलं, नेट घोड्यासारखं. तो कागद काढणार तोच बायकोनं ताटं मांडली.

नको नको म्हणत होता. बायको म्हणाली, रताळ्यावर दोनदा पाठवलं, आता गावाची अब्रू जाते. तो बसला. भात, शिंपल्यांचं सूप, मासळी, तीन प्रकारची किमची. ताट संपलं तशी माल-सून आली, ती म्हणाली या शिंपल्या मी मरता मरता वेचल्या आहेत, आता तुम्ही ठरवा. त्यानं त्याही खाल्ल्या. मग बांग तांदळाची दारू घेऊन आले. वयानं मोठ्या माणसानं दोन हातांनी ओतलेला पेला परत कसा करायचा? त्याच्या बोटवाल्याला कुक-जिन दादानं अंथरुणातूनच निरोप धाडला होता की साहेब मुक्कामाला आहेत. बोट गेली. प्योनं तिचा आवाज ऐकला, आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि त्याला कळलं.

"मास्तर, हे बरोबर नाही," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. "मलाही बाकी सगळं बोलून झाल्यावरच हे सुचलं."

तो चिडून उठला, वरिष्ठांना कळवतो म्हणाला. बाहेर चिखल चमकायला लागला होता, बायका फळ्या घेऊन गेल्या होत्या. त्याच्या फोनवरचं गोल चक्र फिरत राहिलं. त्यानं फोन उंच धरला. अंगणात गेला, परसात गेला. मग आमच्याकडे पाठ करून त्यानं हळूच फोन बंद केला आणि पुन्हा चालू केला.

कुणी हसलं नाही. मला वाटतं, आयुष्यातला माझा सगळ्यात मोठा संयम तो.

मी त्याला पडद्यासमोर नेलं. सगळे ठिपके खुंटाशी. मग खिडकीशी नेलं. पार तिकडे, जिथे चिखल संपून पाण्याची रेघ सुरू होते, तिथे वाकलेल्या बाया. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, असं बराच वेळ.

"समोरच्या बेटावरून तुमच्या खांबाकडे लहर पाण्यावरून येते," तो शेवटी म्हणाला. "पाणी खाली गेलं की चिखलावर आपटून उसळलेली तिचीच लहर तिला मारत असणार. आमच्या नकाशावर समुद्राला एकच उंची आहे."

मग बुटांसकट बांधावर गेला आणि बाया परत येईपर्यंत थाळीपाशी उभा राहिला. धुकं नव्हतं. तरी उभा राहिला.

९ एप्रिल

दोष सापडला असं त्यानं रात्रीच लिहून ठेवलं होतं. रात्रीच्या भरतीला तो गाढ झोपलेला होता आणि सकाळी पुन्हा ओहोटी, म्हणून पाठवायला मात्र त्याला दुपारच्या भरतीपर्यंत थांबावं लागलं. बायको म्हणाली, तोवर नाश्ता.

२२ एप्रिल

कंपनीचं पत्र आलं. खांबावर दुसरी, जास्त उंचीवरची लहर पकडणारी जोडणी करणार. कधी, ते लिहिलेलं नाही. तोवर मी पडद्यासमोर बसत नाही. बांधावर बसतो, थाळ मांडीवर. बायको म्हणते, बुद्ध उठला एकदाचा. सकाळी निघताना ती आता मागे वळून बघते, मी आहे का ते. बघितलं नाही असं दाखवते.

उद्या तालुक्याला सगळ्या बेटांच्या लोकांची सभा आहे. इतर ठिकाणीही तक्रारी दोष नाही म्हणून बंद झाल्यात असं कळलं. भाषणाचा शेवट आजच लिहून ठेवतो. बायकोनं ऐकला. एक शब्दही काढायला सांगितला नाही, म्हणून तो असाच ठेवतो आहे.

बेटांवरच्या माणसांनो, तुमचा रोग तुमच्या घरात राहतो आणि तपासणारा पाण्याबरोबर येऊन पाण्याबरोबर जातो. पुढच्या वेळी तो आला की त्याची पेटी उचलू नका. त्याची बोट परत पाठवा, त्याला जेवायला बसवा, आणि ओहोटी लागून तुमच्या बाया चिखलात उतरेपर्यंत त्याला उठू देऊ नका.